फाटकाजवळचा केर

भूपेंद्रशेठचं हिंगणघाटला कापडाचं दुकान होतं आणि आंजीच्या पुढे, धरणाकाठी, एक बंगला होता. बंगला भाड्यानं द्यायलाच बांधलेला. शनिवार-रविवार नागपूरचे लोक तिथे सुट्टी घालवायला येत आणि जाताना वेफर्सची पाकिटं, कोंबडीची हाडं नि पोरांची एखादी चप्पल अंगणात सोडून जात. माणसं मोठी हौशी, कचऱ्याचा डबा तेवढा त्यांना दिसत नसे. ते सारं उचलायचं, अंगण झाडायचं, सडा टाकायचा, हे काम मनकर्णाबाईचं. तिचा नवरा रूपराव झाडांना पाणी घाली नि राखण करी. मागच्या खोलीत हे दोघं राहत, आणि त्यांचा एकुलता एक आदेश.

मनकर्णाबाईच्या कामाला नाव ठेवायची सोय नव्हती. खोड एकच. पाहुण्यांची गाडी निघाली की ती लगेच झाडू उचलत नसे. गाडी धरणाच्या वळणाआड जाईपर्यंत पायरीवर बसून राही. माणूस निघाल्यावर लगोलग त्याच्या मागे झाडायचं नाही, मयत निघाली तरच तसं झाडतात, हे तिच्या आईनं तिला शिकवलं होतं. पण पुढचे पाहुणे दारात येऊन ठेपले की शेठचा जीव खालीवर होई.

"मनकर्णाबाई, अजून काऊन नाई झाडलं?"

"जरा दूर जाऊ द्या त्याईले, शेठ."

"तवरिक माया धंदा जाईन ना दूर!"

शिमगा झाल्यावर आदेश हैदराबादकडे बांधकामावर निघाला. आईनं भाकरी बांधून दिली ती तिच्या लग्नातल्या स्टीलच्या डब्यात. झाकणावर 'मनकर्णा' असं नाव कोरलेलं. आदेश खोलीपासून बाजूच्या छोट्या फाटकापर्यंत गेला आणि वळून हसला.

"पोचलो का बंगल्यावर फोन करतो, माय. तवरिक झाडू नोको हो!"

"नाई झाडत, जाय," ती म्हणाली.

फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, दुसऱ्या महिन्यात नाही. बंगल्यातला फोन वाजला की ती हातातलं टाकून धावे, आणि पलीकडून कोणीतरी खोल्यांचा भाव विचारी. रूपराव हैदराबादला जाऊन आला. एवढ्या मोठ्या शहरात कोणाला विचारायचं हेही त्याला कळलं नाही. हात हलवत परत आला.

मनकर्णाबाई अंगण आरशासारखं ठेवी, पण खोली ते छोटं फाटक एवढा पट्टा तिनं झाडला नाही. त्यावर सागाची पानं पडली, पावसाळ्यात तरोट्याचं तण उगवलं, वाळलं, पुन्हा पानं पडली. जिला अंगणात काडी खपत नसे, ती रोज त्या केराला वळसा घालून जाई. पोरगा पोचल्याचं कळलं नव्हतं ना अजून. तो वाटेत होता.

शेठ चिडला. पाहुणे नाक मुरडतात म्हणाला, दुसरी बाई ठेवीन म्हणाला. रूपराव जन्मभर बायकोच्या असल्या गोष्टींना हसत आलेला माणूस, पण त्यानं बेधडक सांगून टाकलं, "शेठ, तिथं घोणस राह्यते. मले तं हात घालाले भेव वाटते." शेठ दोन पावलं मागे सरकला. दुसऱ्या दिवशी रूपरावानं त्या पट्ट्याच्या कडेनं शेवंतीच्या कुंड्या मांडल्या आणि केर झाकून टाकला. बायकोला एका शब्दानं बोलला नाही.

दोन वर्षं तो केर तसाच राहिला.

एका दुपारी मनकर्णाबाई आंजीच्या बाजारातून आली. छोटं फाटक उघडलं आणि जागीच थबकली. पट्टा झाडलेला होता. कुंड्या बाजूला सारलेल्या, तरोटा उपटलेला, वर शेणाचा सडा. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"शेठ आलते का? कोनं झाडलं हे?"

रूपराव पायरीवर बसला होता. ज्यानं जन्मात झाडू हाती धरला नव्हता, त्याच्या हातात झाडू होता.

"मीनं," तो म्हणाला.

"तुमी? तुमाले मालूम नाई का? काऊन झाडलं?"

 त्याच्या शेजारी पायरीवर स्टीलचा डबा होता, पोचे पडलेला. झाकणावरचं नाव तिला दुरूनच वाचता आलं.

"त्याच्या संगचा पोरगा आलता," रूपराव खाली बघत बोलला. "पोचला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, फोन कराच्या आंधीच, बिल्डिंगवरून पडला म्हने. ठेकेदारानं तिकडंच जाळलं. पोरगा भेवानं बोलला नाई इतके दिवस."  "तुले तोंडानं कसं सांगू, समजून नाई राह्यलं. म्हनून झाडलं."

मनकर्णाबाईच्या हातची पिशवी गळाली. कांदे ओल्या सड्यावर गडगडत गेले. ती तोंडात पदर कोंबून रडली, मग पदर सोडून रडली. रूपरावही रडला. बंगल्यातले पाहुणे खिडकीशी आले, बघून निमूट आत गेले.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले. नवऱ्यानं झाडलेल्या पट्ट्याकडे नीट पाहिलं. फाटकाच्या खांबामागे थोडी पानं राहून गेली होती.

"तुमाले नाई जमत," ती म्हणाली. "कोपऱ्यातलं राह्यलं."

तिनं त्याच्या हातून झाडू घेतला, खाली बसली आणि राहिलेली पानं फाटकाबाहेर लोटली.