काठातला शिक्का

सोदाम, तू शंभर दिवसांची झालीस त्याच सोमवारी मी कामावर परत गेले. आजीने सकाळी तांदळाची पांढरी वडी उकडली, चाळीस पुड्या बांधल्या आणि मला बजावलं, "एकालाही विसरू नका हं, सोदामच्या आई. जितक्या तोंडांत वडी जाईल तितकं पोरीला आयुष्य."

घरात मला आता दुसरं नाव नाही. त्याची खंतही नव्हती, कारण माझं आडनाव एका जागी कोरलेलं होतं आणि तेच बघायला मी निघाले होते.

कुठे, ते सांगते. फोनच्या पडद्याखाली जो काळा काठ असतो, त्यात तारा असतात. पडद्याच्या प्रत्येक उभ्या ओळीची तार खाली उतरते आणि मग सगळ्या तारा मधल्या चिपकडे तिरक्या धावतात, पंख्याच्या काड्या मुठीत येतात तशा. पंखा जेवढा उंच तेवढा काठ रुंद. पंख्याच्या दोन्ही बाजूंना थोडी रिकामी जागा उरते. आमच्या विभागाची जुनी रीत अशी, की ज्याने लेआउट, म्हणजे तारांची आखणी, केलं त्याने त्या कोपऱ्यात आपल्या आडनावाचा शिक्का धातूत ठेवायचा, केसाच्या जाडीपेक्षाही लहान. वरच्या मजल्यावर कोणाला पत्ता नाही. पहिला पॅनेल, म्हणजे तयार पडदा, हातात आला की सगळ्यांनी सूक्ष्मदर्शकातून शिक्का बघायचा, टाळ्या वाजवायच्या आणि मग डुकराचे पाय खायला जायचं.

नऊ वर्षं मी दुसऱ्यांच्या तारा सरळ करत होते. हा पॅनेल पहिल्यांदाच माझा. तू सात महिन्यांची पोटात होतीस. पाय सुजायचे, म्हणून ते कागदाच्या खोक्यावर ठेवून मी तारा ओढत बसायचे. एका दुपारी तू आतून अशी लाथ मारलीस की हातातला माऊस घसरला आणि एक तार उलटी, वर पडद्यात गेली. मी ती पुसणार होते. पुसली नाही. कडेच्या तारा काठातून तिरक्या न्यायच्याच कशाला? परत वर न्याव्या, चित्राच्या ठिपक्यांमागून आडव्या मधोमध आणाव्या आणि चिपसमोर सरळ खाली सोडाव्या. पंखाच मिटला. १.९ मिलिमीटरचा काठ १.१ वर आला.

आमचे प्रमुख, बांग साहेब, माझ्या मागे बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "हेवॉन, हे पोर आतून तुला शिकवतंय की काय?"

सगळे हसले. मीही हसले.

उजव्या कोपऱ्यात आता अगदी चिमूटभर जागा राहिली होती. तिथे मी 'मेंग' ठेवलं, आमच्या लिपीत ते एकच अक्षर. तारा जवळ आल्या होत्या, म्हणून शिक्का अर्थिंगच्या तारेला जोडला, नाहीतर सुट्या धातूत वीज साठते. फाइल शेजारच्या टेबलावरच्या सुजिनच्या हाती दिली आणि तुला जगात आणायला गेले.

तर त्या सोमवारी मी टेबलाटेबलावर वडी वाटली. सुजिनने पुडी घेतली, पण माझ्याकडे बघेना.

"पॅनेल आलाय ना?"

"आधी बस तरी. बाळाचा फोटो दाखव."

मी सूक्ष्मदर्शकाकडेच गेले. उजवा कोपरा शोधला. शिक्का होता, पण 'मेंग' नव्हतं. 'बांग' होतं, चांगलं ठसठशीत.

साहेब वडी चावत आले. "छान झालीय गं. सासूबाईंनी केली?"

"सर, माझा शिक्का?"

"अगं, शेवटी दोन तारा सरकवाव्या लागल्या. जागाच उरली नाही. खरं सांगू? ती तूच संपवलीस!"

"मग तुमचा कसा मावला?"

"तो काय माझा आहे? विभागाचा म्हण. तू तर रजेवर होतीस." बोटांना चिकटलेलं पीठ त्यांनी रुमालाला पुसलं. माझ्यावाचून त्यांना डुकराचे पाय खाऊन महिना झाला होता.

पाच आठवड्यांनी विकलेले पॅनेल परत येऊ लागले. शंभरात तीन पडद्यांवर उजव्या बाजूला बारीक हिरवी उभी रेघ. कारण शोधायचं काम माझ्याकडे आलं. दोन दिवसांत सापडलं. साहेबांनी शिक्का जुन्या सवयीने सुटाच ठेवला होता. पूर्वीच्या रुंद काठात चालून जायचं ते. इथे त्यात साठलेली वीज उडी मारून शेजारच्या तारेत शिरत होती.

अहवालात एक रकाना असतो, मूळ लेआउट कोणाचं. बैठकीत मी साहेबांकडे पाहिलं.

"तुझंच की!" ते सगळ्यांसमोर म्हणाले. "अख्ख्या मजल्याला माहीत आहे."

हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

बाहेर आल्यावर ते हळूच म्हणाले, "आणि अहवालात त्या कोपऱ्याचा फोटो जरा कापून लाव. अक्षर दिसायला नको. 'जागा भरायचा धातू' लिही, कोण विचारतंय? पुढचा पॅनेलही तुलाच द्यायचा विचार आहे माझा."

दूध काढायच्या खोलीत मला दिवसातून दोनदा वीस-वीस मिनिटं मिळतात. तिथे छातीला यंत्र घरघरत होतं, मांडीवर लॅपटॉप होता. रकान्यात मी पूर्ण नाव लिहिलं, मेंग हेवॉन. मग फोटो लावला, अजिबात न कापता. 'बांग' पानभर मोठं दिसत होतं. पाठवायच्या आधी तुझा फोटो बघितला, कारण दूध त्याशिवाय उतरत नाही. मग अहवाल पाठवला.

साहेबांना समज मिळाली आणि ते साहेबच राहिले. वरून फर्मान निघालं, यापुढे कोणाचाही कसलाही शिक्का चालणार नाही. पुढचा पॅनेल सुजिनला गेला. तिचा पहिलाच.

"एक अक्षर होतं गं आमचं," ती जेवणाच्या रांगेत म्हणाली. "तुला नाही मिळालं, म्हणून सगळ्यांचंच घालवलंस."

मी म्हटलं, "मी फक्त फोटो कापला नाही."

"तेच म्हणतेय मी." ताट घेऊन ती दुसऱ्या टेबलावर गेली. तेव्हापासून मी एकटीच जेवते.

काल तुझ्या बाबांनी आजीला नवा फोन आणला. त्यात आमचाच सुधारलेला पॅनेल आहे. आजी म्हणाली, "अगंबाई, याला काठच नाही! सोदामच्या आई, हे असलं तुमच्याकडेच करतात ना? कोण करतं हो?"

"आमच्या विभागात करतात," मी म्हटलं.

तेवढ्यात तू तो ओढलास आणि खालचा उजवा कोपरा तोंडात घालून चोखत बसलीस. आजी ओरडली, "काढा, काढा, लाळ जाईल आत!"

मी तो थोडा वेळ तसाच तुझ्या तोंडात राहू दिला.