बाकी सब खलास

दगडू सामान हलवण्यात पटाईत, पण चौकस भारी. ज्याचं सामान उचलायचं त्याची कुंडली काढल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. आखातातल्या खलिफा सिटीत एका व्हिलात एकटे राहणारे हाशिमीसाहेब तीस वर्षं अफगाणिस्तानच्या वकिलातीत मोठ्या हुद्द्यावर होते, दिल्लीत राहून हिंदी शिकले, आणि शिवाय शायर आहेत, एवढं त्यानं पहिल्या चहातच काढून घेतलं. आता ते दोन तासांवरच्या रोल्लाला, लेकीच्या दोन खोल्यांत चालले होते.

"क्या क्या लेना है, साब?"

"पीछे के कमरे से मेरा दीवान. उम्रभर की कमाई है. और कपड़े. बाकी सब खलास."

मागच्या खोलीत खरंच एक जुना दिवाण होता, आणि त्यावर कागदांची तीन खोकी. दगडूनं खोकी उचलून रस्त्यावरच्या कचराकुंडीत टाकली आणि दिवाण बाळंतिणीसारखा गुंडाळला. एवढा बडा साहेब, आणि आयुष्यभराची कमाई एक पलंग? पण म्हटलं, ज्याचं त्याला.

रोल्लात तीन जिने चढवून त्यानं दिवाणावर थाप मारली. "एक खरोंच नहीं, साब."

म्हातारबाबांनी त्याच्यामागं जिन्यात डोकावलं आणि ते हळूच खाली बसले. त्यांची लेक कुबरा पांढरीफटक पडली.

"भाई, शायर की सारी नज़्मों की किताब को हम दीवान कहते हैं. वो डिब्बे कहाँ हैं? दूसरी कॉपी नहीं है."

व्हिला रिकामा, फोन करायचा तरी कुणाला? कचऱ्याची गाडी पाचला येते, हेही या चौकस प्राण्यानं आधीच विचारून ठेवलं होतं. वाजले होते तीन. त्यानं ट्रक काढला आणि वाटभर स्वतःलाच शिव्या घातल्या.

पाचला दहा कमी असताना तो कुंडीत उतरला. दोन खोकी वरच होती. तिसरं फुटलेलं, पानं कुणाच्या तरी बिर्याणीत मिसळलेली. एकेक पान त्यानं शर्टाला पुसून घेतलं. गाडी आली, ड्रायव्हर हॉर्न मारत राहिला, पण हा शेवटचा चिटोरा हातात येईपर्यंत हलला नाही.

पानांवर आकडे नव्हते. म्हणून परत रोल्लात आल्यावर जमिनीवर बसून साहेब फारसीतली पहिली ओळ मोठ्यानं वाचत आणि पान जागी लावत. दगडूचे कान टवकारले. हवा, जमीन, आवाज... हे शब्द तर त्याची आई बोलायची.

"दर्या? साब, हमारे कोकण में दर्या मतलब समुंदर."

"हमारे यहाँ नदी. हमारे मुल्क में समुंदर ही नहीं है."

दगडूला याचं फार नवल वाटलं. समुद्र नसलेला देश त्यानं कधी मनातही आणला नव्हता.

साहेबांनी एका पानावरचा तेलाचा डाग बोटानं चाचपला. "जिस सरकार के कागज़ों पर तीस साल दस्तख़त किए, वो सरकार नहीं रही. वो कागज़ कोई नहीं ढूँढता. इनके लिए तुम कचरे में उतरे."

दगडूनं पुढचं पान त्यांच्या हातात दिलं.

"पढ़िए ना, साब," तो म्हणाला. "आगे क्या लिखा है?"