औषध घालणारा हात

घोडीचा डोळा दुखावला तो पेंढ्याच्या काडीनं, आणि नासला तो दिराच्या शहाणपणानं. गावात बोभाटा मात्र झाला वहिनीच्या नावाचा.

काडी टोचली त्या सकाळी घोडी एक डोळा मिटून उभी होती, गालावरून पाण्याची धार लागलेली. वहिनी म्हणाली, डॉक्टरीणबाईंना बोलवू. दीर म्हणाला, एवढ्याशा डोळ्याचं काय कौतुक. त्याच्या कुत्र्याच्या डोळ्यांना खाज सुटायची, त्याचे थेंब फडताळात उरले होते. तेच त्यानं रोज घोडीच्या डोळ्यात सोडले. आधी लाली उतरली, तसा तो छाती काढून हिंडला. मग बुबुळावर कवडीसारखा पांढरा डाग धरला.

शेवटी डॉक्टरीणबाई आल्याच. डोळा बधिर करून त्यांनी डागावरचं जरासं खरवडून काचेवर घेतलं. बुरशी निघाली. थेंबांची बाटली पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. हे थेंब म्हणजे बुरशीला खतपाणी, म्हणाल्या.

दारात शेजारी जमले होते. त्यांच्या देखत दीर बोलला, "बुरसटलेला पेंढा घालायचा, न् मग बुरशी कुठून आली म्हणून विचारायचं. माझा भाऊ असता तर घोडीवर ही पाळी आली नसती."

चोराच्या उलट्या बोंबा. वहिनीच्या जिभेवर उत्तर आलं होतं, ते तिनं गिळलं. पण पोटात मात्र जपून ठेवलं. नवऱ्यामागे तिला होतं काय, तर ही घोडी आणि नुकतं पाऊल टाकू लागलेली लेक. घोडी दुधाची गाडी ओढायची म्हणून दोघींच्या पोटात घास जायचा. आणि घरात शब्द चालायचा दिराचा. डोळा निवळला की घोडी विकायची, हे त्यानं ठरवूनही टाकलं होतं.

बाईंनी वरच्या पापणीतून बारीक नळी ओवली आणि तिचं दुसरं टोक आयाळीत वेणीसारखं गुंफलं. त्या टोकातून दिवसातून कितीदा तरी औषध सोडायचं, तेही कित्येक आठवडे. औषध झोंबतं, घोडी मान झटकेल, म्हणून एकानं धरायचं आणि एकानं घालायचं.

वहिनीला लेकीचं तापाचं दुखणं आठवलं. कडू औषध आजी पाजायची, वहिनी नुसती मांडीवर धरायची. पोर बरी झाली, पण पुढं किती दिवस आजी दिसली की भोकाड पसरायची आणि आईच्या कुशीत तोंड खुपसायची. जीव वाचवला आजीनं, आणि वैरीण ठरली तीच.

वहिनी अगदी गरीब आवाजात म्हणाली, "भाऊजी, औषध तुम्हीच घाला. माझा हात थरथरतो."

दीर फुगला. घोडी मीच वाचवली, असं मिरवायला त्याला बरं झालं.

बुटांची करकर करत तो यायचा, पिचकारी दाबायचा, घोडी अंगभर शहारायची. वहिनी तिच्या गळ्याला मिठी मारून कानात पुटपुटत राहायची. तो गेला, की मगच ओंजळीतले दाणे पुढं करायची. घोडीचं ओलं नाक तळहाताला लागलं की तिला भरून यायचं. "झोंबायचं ते कुणीही घातलं तरी झोंबणारच गं," ती म्हणायची. "मग त्यानंच घालू दे."

डाग आक्रसत गेला. नळी निघाली. बुबुळावर धुरकट रेघ तेवढी उरली, पण घोडीला दिसू लागलं.

आठवडा सरतो न सरतो तो दीर घोड्यांच्या व्यापाऱ्याला घेऊन आला. शेजारी पुन्हा जमले. दीर दोरी घेऊन ऐटीत आत शिरला. करकर ऐकताच घोडीचे कान मानेला चिकटले. त्यानं हात पुढं केला मात्र, तिनं शर्टाची बाहीच दातात धरून फाडली, गर्रकन पाठ फिरवली आणि लाथ झाडली. लाथ दाराच्या फळीवर बसली, दीर शेणात.

व्यापारी पोट धरून हसला. "मालकालाच खाते, तर माझ्या गिऱ्हाइकाचं काय ठेवील?" म्हणाला आणि चालू लागला.

तो वळणाआड जाईपर्यंत वहिनी लेकीला कडेवर घेऊन दारातच उभी राहिली. मग आत गेली. घोडीनं मान खाली घालून स्वतःच दोरी घालून घेतली.

दीर शेण झटकत ओरडला, "वहिनी, काय करून ठेवलंस हिला?"

शेजारी ऐकत होतेच. वहिनी घोडीला घेऊन त्याच्या अगदी जवळून उन्हात आली.

"मी कुठं काय केलं? मी तर नुसती धरून होते, भाऊजी."