दोन बोटं आवळलेली कवटी

दोरी पुन्हा डोक्याभोवती फिरली, तिच्यावरची लाल खूण दोन बोटं पुढे गेली आणि हॉलमधल्या साठ माणसांनी एकदम श्वास सोडला. एका बाईने हात जोडले. माझ्या शेजारी बसलेल्या निवृत्त पोस्टमास्तरांनी डोळे पुसले. खुर्चीत माझा धाकटा भाऊ बसला होता, आणि आमच्या सगळ्यांच्या देखत त्याची कवटी दोन बोटांनी लहान झाली होती.

फर्निचरच्या बंद पडलेल्या दुकानाचा वरचा मजला, प्लास्टिकच्या खुर्च्या, खिडक्यांना जाड पडदे आणि मधोमध दोरीवाले गुरुजी. "डोकं म्हणजे काय? डबा," ते सांगत. "डबा आपटला की झाकण तिरकं बसतं. झाकण तिरकं झालं की आतलं सगळं हिंदकळतं. तीच तुमची चक्कर. डॉक्टर डब्याचे फोटो काढतात, झाकणाला हात कोण लावणार?" आधी ते सुती दोरीने डोक्याचा घेर घेत आणि दोरीवर लाल शाईने खूण करत. मग दहा मिनिटं डोकं तळव्यांनी दाबत आणि काहीबाही पुटपुटत. मग पुन्हा दोरी. खूण पुढे सरकलेली असायचीच.

खरं तर मी हसायला हवं होतं. गंडेदोरे बांधणाऱ्यांची मी जन्मभर टिंगल केली आहे. पण माझं शिवणकामाचं दुकान आहे. माणसं कमरेबद्दल खोटं बोलतात, टेप बोलत नाही, हे वाक्य मी दिवसातून दोनदा तरी म्हणते. मंत्राने मी फसले नसते. मी मापाने फसले.

भाऊ रंगारी. सहा महिन्यांपूर्वी शिडीवरून पडला आणि डोकं फरशीवर आपटलं. स्कॅन झाला, रक्तस्राव नव्हता. मेंदूला हादरा बसलाय, बरा होईल, असं डॉक्टर म्हणाले. बहुतेकांचा होतो. याला मात्र दीड महिना झाला तरी मान वळवली की खोली फिरायची. उजेड सोसवायचा नाही. शिडीच्या दुसऱ्या पायरीवर घाम फुटायचा. रंगाऱ्याला शिडी बंद म्हणजे पोटाला कुलूप.

डॉक्टरांनी त्याला फिजिओथेरपीच्या बाईंकडे पाठवलं. त्यांनी अंगठा समोर धरून नजर त्याच्यावर ठेवायला आणि मान डावी-उजवी करायला शिकवलं. मग सरळ रेषेत चालायला लावलं. पहिल्या दिवशी भाऊ भिंत धरून घरी आला, दुसऱ्या खेपेला तर ओकला. सुरुवातीला थोडी चक्कर वाढेल, फारच वाढली तर मला सांगा, व्यायाम कमी करू, असं बाईंनी बजावलं होतं. आम्ही सांगितलं नाही. आम्ही जाणंच बंद केलं. एका गिऱ्हाइकाने गुरुजींचं नाव काढलं, आणि भावाला हाताला धरून तिथे मीच घेऊन गेले.

"चक्कर वाढली ना?" गुरुजी म्हणाले. "त्या बाईने झाकण हलवलं." मग आज्ञा झाली. अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं, मान वळवायची नाही आणि दर पंधरवड्याला दोरी. चक्कर खरंच कमी झाली, आणि आम्ही धन्य झालो. असे चार महिने गेले. भावजय जेवणाचं ताट आत नेऊन द्यायची आणि दार उघडलं की तो डोळ्यांवर हात घ्यायचा. एके दिवशी मी त्याला हट्टाने गॅलरीत आणलं, तर चार पावलांत तो खाली बसला. गुरुजींकडे जाण्याआधी तो निदान गल्लीच्या टोकापर्यंत जात होता.

त्याच संध्याकाळी मी एकटी फिजिओबाईंकडे गेले. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी आधी तो जेवतो का, झोपतो का, ते विचारलं. मग म्हणाल्या, "पडून राहिलं तर चक्कर येणारच नाही. पाण्यात न उतरणारा बुडत नाही, पण म्हणून त्याला पोहता येतं असं होत नाही. हादऱ्यामुळे डोळे, कान आणि मान यांचा ताळमेळ बिघडलाय. तो थोड्याथोड्या हालचालीनेच परत जमतो."

पण दोरीचं काय? मी हट्टाने म्हणाले की दोन बोटं कमी झालेली मी स्वतः पाहिली आहेत.

"दुसऱ्यांदा दोरी नेमकी त्याच जागी होती?"

नवी मुलगी शिवण शिकायला आली की पहिल्या दिवशी मी तिच्या हातात खडू देते. आधी खूण, मग माप. टेप बोटभर वर गेला की आख्खा कपडा बिघडतो. हे मला दुसऱ्या कुणीतरी विचारायची वेळ आली, याची लाज अजून जात नाही.

पुढच्या खेपेला मी पर्समध्ये मेणाचा खडू टाकला. गुरुजींनी दोरी गुंडाळली तशी मी पुढे झाले. याच मापाची टोपी शिवायची आहे, जरा रेघ मारून घेते, म्हटलं. गुरुजी खूश झाले. सगळ्यांनाच शिवा, म्हणाले. मी भुवयांच्या वरून, कानांच्या वरून आणि मागच्या उंचवट्यावरून दोरीच्या कडेने निळी रेघ ओढली. भावाचे केस अगदी बारीक कापलेले होते, रेघ उठून दिसली.

मग दाबणं झालं, पुटपुटणं झालं. दोरी पुन्हा फिरली आणि खूण दोन बोटं पुढे गेली. लोकांनी श्वास सोडला. दोरी रेघेच्या बोटभर वर होती, मागे तर उंचवटा सोडून चांगली वर.

"गुरुजी, दोरी रेघेवर घ्या," मी म्हणाले.

"माप मनाने घ्यायचं असतं, बाई."

"मघाशी दोरीने घेतलंत."

मी दोरी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि रेघेवर बसवली. खूण जिथल्या तिथे आली, सूतभरही हलली नाही. दोरी वर सरकवली, खूण पुढे. खाली आणली, खूण मागे. एकही मंत्र न म्हणता मी ती कवटी तीनदा आवळली आणि तीनदा सैल केली.

कुणी टाळी वाजवली नाही. पोस्टमास्तर माझ्यावरच उखडले. "तुम्हाला काय मिळालं यातून? मला बरं वाटत होतं."

"आज जिना स्वतः चढलात का?" मी विचारलं. त्यांना दोन पुतण्यांनी उचलून वर आणलं होतं. श्रद्धा नसली की दोरी रुसते, असं गुरुजींनी जाहीर केलं आणि पुढचा रोगी बोलावला. आणि ती खुर्ची रिकामी राहिली नाही.

भाऊ कठडा धरून जिना उतरत होता. मध्येच थांबला. "ताई, मग मी चार महिने अंधारात कशासाठी बसलो?"

"माझ्यामुळे," मी म्हणाले. यापेक्षा खरं काही माझ्याजवळ नव्हतं.

आता तो रोज सकाळी माझ्या दुकानात येतो. फरशीवर मी खडूने रेघ ओढली आहे. तिच्यावरून तो मान डावी-उजवी करत चालतो. चक्कर आली की टेबल धरतो आणि ती ओसरली की पुन्हा चालू लागतो. जास्त झाली की बाईंना सांगतो, त्या व्यायाम बदलतात. महिने लागतील, म्हणतात. शिडीचं वचन त्या देत नाहीत, म्हणूनच माझा त्यांच्यावर विश्वास बसतो.

चमत्कार दाखवणाऱ्याच्या तोंडाकडे लक्ष देऊ नका, त्याचा हात कुठे जातो ते पाहा. माप दाखवलं तर आधी खूण करा. त्रास झाला म्हणून उपाय खोटा ठरत नाही आणि बरं वाटलं म्हणून खरा ठरत नाही. त्रास झाला तर ज्याने उपाय दिला त्याला जाऊन विचारा. आम्ही विचारलं नाही, त्यात भावाचे चार महिने गेले.

काल तो रेघेच्या टोकापर्यंत पोचला. सात पावलं. घामाने डबडबला होता, हात टेबलापासून वीतभर लांब होता.

"ताई, रेघ वाढव," तो म्हणाला.

मी खडू घेऊन खाली बसले.