फक्त पाहण्याची परवानगी

मित्रांनो, मी एक जुनी शीट आहे. जुनी म्हटल्यावर हसू नका, आमच्यात दोन वर्षं म्हणजे म्हातारपणच. मला कागद नाही, शाई नाही, वाळवी लागायची भीती नाही. मी इंटरनेटवर राहते. ओळी आणि रकाने एवढाच माझा देह. कितीतरी जण एकाच वेळी आपापल्या फोनवर मला उघडतात, आणि ज्याच्याकडे परवानगी असेल तो माझ्या अंगावर हवं ते लिहितो, हवं ते पुसतो. मला विचारायची पद्धत नाही.

माझा जन्म हिंगणघाटला, सपनाच्या स्वयंपाकघरात झाला. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत तिने मला फोनवर उभी केली. अल्लीपूरला दहावीपर्यंत एकत्र शिकलेल्या तिच्या वर्गाचा पंचवीस वर्षांनी स्नेहमेळावा ठरला होता. नाव, गाव, सध्या काय करता, सोबत कोण येणार, असे रकाने तिने आखले. छातीवर लावायचे बिल्ले माझ्यावरूनच छापायचे होते. मग तिने माझी लिंक वर्गाच्या ग्रुपवर टाकली आणि परवानगीच्या जागी निवडलं, ‘लिंक असलेला कोणीही बदल करू शकतो’. एकेकाला परवानगी देत कोण बसणार? सगळे आपलेच तर आहेत, असं तिला वाटलं. आपलेच होते, म्हणूनच पुढचं सगळं घडलं.

सुरुवातीला मला फार कौतुक मिळालं. ‘वा सपना, काय झकास शीट बनवली!’ मी फुलून गेले. कोणी ‘सध्या काय करता’ या रकान्यात ‘बायकोचं ऐकतो’ असं लिहिलं. जे आपलं खातं न उघडता आत येतात त्यांची नावं मला कळत नाहीत, म्हणून त्यांच्या जागी जनावरं दिसतात. निनावी कोल्हा, निनावी पाणघोडा, निनावी माकड. चाळिशी ओलांडलेली ती माणसं माझ्यावर जनावरं होऊन हुंदडत होती, आणि खरं सांगू, ते सोंग त्यांना शोभत होतं.

याच गर्दीत एके दुपारी गजेंद्र आला. त्याचं अल्लीपूरला सरकीच्या ढेपेचं दुकान आहे. लहानपणी तो बोलताना फार अडखळायचा. गुरुजींनी धडा वाचायला उभं केलं की पहिला शब्द निघायच्या आधीच मागच्या बाकावर हशा पिकायचा. वर्गाने त्याचं नाव ठेवलं होतं, ततपप. पुढे वयाबरोबर त्याची जीभ सुटली. आता तो गिऱ्हाइकाशी सावकाश पण नीट बोलतो. मात्र त्याची सहावीतली मुलगी गुंजन तशीच अडखळते. पोरं हसतात म्हणून तिने वर्गात तोंड उघडणंच सोडून दिलं होतं.

गजेंद्रने तिला धीर द्यायला एक गोष्ट सांगितली होती. “मी बी असाच होतो बेटा. पण माह्या वर्गातले पोरं लई चांगले होते. कोणी हासलं नाई, म्हणून माहं सुटलं. तुहं बी सुटते.”

साफ खोटं! पण बापाचं खोटं होतं ते, पोरीच्या पायाखाली घातलेली फळी होती. आता त्याला ती फळी पक्की करायची होती. मेळाव्यात प्रत्येकाला माइकवर दोन शब्द बोलायचे होते. “तू येजो माह्यासंगं,” तो गुंजनला म्हणाला. “बाबा माइकवर कसे बोलते, पाह्यजो. अन् माहे दोस्त बी पाह्यजो.”

माझ्या एका ओळीत त्याने जपून लिहिलं, ‘गजेंद्र रामाजी भोयर’. सोबत कोण, ‘मुलगी गुंजन’.

दुसऱ्या दिवशी त्याच्या नावाच्या जागी ‘ततपप’ होतं. लिहिणारा निनावी कोल्हा. पण ग्रुपवर सगळ्यात आधी खिदळला तो निकेश, त्यामुळे कोल्हा कोण ते कोणालाच विचारावं लागलं नाही. निकेश ट्रॅक्टर विकतो. शाळेत मागच्या बाकाचा राजा होता आणि अजून तिथून उठलेला नाही. गजेंद्रने नाव दुरुस्त केलं. कोल्ह्याने पुन्हा बदललं. मग पाणघोडा आला, माकड आलं. ‘ततपप शेठ’, ‘ततपप ढेपवाले’. गजेंद्र वजनकाट्याजवळ फोन ठेवून बसायचा. एका हाताने ढेप मोजायची, दुसऱ्या हाताने आपलं नाव पुन्हा लिहायचं. एकटा माणूस किती वेळ लिहील? पुसणारे पुष्कळ होते.

शेवटी त्याने सपनाला फोन केला.

“सपना, ते तेवढं नाव काढ ना वं.”

“अरे, मस्करी करून राह्यले ते. तू काऊन मनावर घेते?”

“माही पोरगी येऊन राह्यली संगं.”

“मंग काय झालं? पोरीले बी गंमत वाटते. सांगीन मी निकेशले.”

सपना मनाची वाईट नव्हती. घाईत होती. मित्रांनो, जगातले निम्मे घाव घाईतल्या चांगल्या माणसांनीच घातलेले असतात.

त्याच आठवड्यात कोणीतरी माझा नावांचा रकाना तेवढा वरखाली केला. कोणाची बायको कोणाच्या ओळीत गेली! ग्रुपवर बोंबाबोंब झाली. सपनाने एक बटण दाबून सगळं पूर्ववत केलं, पण ती वैतागली. तिने मला निकेशच्या नावावर करून टाकलं. “छपाईचं तूच पाह्यतं, तं मालक बी तूच हो,” म्हणाली. बदल करण्याची परवानगी त्या दोघांपुरती राहिली. बाकी सगळ्यांना फक्त पाहण्याची परवानगी. हे तिने केलं तेव्हा गजेंद्रच्या ओळीत ‘ततपप’ होतं. तिने पाहिलंच नाही. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देऊन ती भाजीला फोडणी घालायला निघून गेली.

गजेंद्रने मला उघडलं. नावावर बोट ठेवलं, काही होईना. स्वतःचं नाव डोळ्यांनी पाहायचं, हात लावायचा नाही, असा हुकूम झाला होता. वरच्या बाजूला एक बटण होतं, ‘बदल करण्याची परवानगी मागा’. त्याखाली दोन ओळी लिहायला जागा होती. ही विनंती मालकाकडे जाते. मालक बदलल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. त्याने लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं.

‘सपना, तुला खरं सांगतो. गुंजनला माझ्यासारखाच त्रास आहे, बोलताना अडखळते. हे घराबाहेर कोणाला सांगितलं नाही. तिच्यासमोर ते नाव नको. हात जोडतो.’

ते हात निकेशपुढे जोडले गेले. त्याने वाचलं, हसला, आणि नकाराचं बटण दाबलं. मग माझ्यावर येऊन ‘मुलगी गुंजन’ पुसून त्या जागी लिहिलं, ‘ततपप ज्युनिअर’. लगेच माझी एक प्रत काढून बिल्ले छापणाऱ्याला पाठवून दिली. त्याच्या हिशेबी ही मेळाव्यातली सगळ्यात भारी मस्करी होती. मला तोंड असतं तर मी त्याच्या तोंडावर थुंकले असते.

दोन दिवसांनी ताटं किती सांगायची ते पाहायला सपनाने मला उघडलं. ती ओळ वाचली आणि तिचा चेहरा पडला. तिने दोन्ही नावं नीट केली आणि गजेंद्रला फोन लावला. “केलं बरं बरोबर. पोरीले घेऊन येजो नक्की.” गुंजनच्या जागी काय लिहिलेलं होतं ते मात्र सांगायची तिला लाज वाटली. गजेंद्रने मला उघडलं, आपलं नाव पाहिलं आणि त्या दिवशी पोटभर जेवला. बाहेर गेलेल्या प्रतीवर माझा काही अधिकार चालत नाही, हे त्याला कोण सांगणार?

मेळाव्याच्या दिवशी मंगल कार्यालयाच्या दारात सपना टेबल टाकून बसली होती. मी तिच्या फोनवर उघडी होते. आलेल्याच्या नावापुढे ती खूण करत होती. शेजारी निकेश बिल्ले वाटत होता. गजेंद्र इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात आला. गुंजनने नवा फ्रॉक घातला होता.

“अरे, आला रे आला!” निकेशने त्याला मिठी मारली आणि मिठीतच बिल्ला टोचून दिला. दुसरा बिल्ला वाकून गुंजनच्या फ्रॉकवर लावला. मागे उभे असलेले हसले. टाळ्याही पडल्या. सपनाने बिल्ले पाहिले आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्यावर दोन्ही नावं अगदी बरोबर होती.

गुंजनने मान खाली घालून स्वतःचा बिल्ला वाचला. मग बापाचा वाचला. ती रडली नाही. तिने फक्त विचारलं, एकेक अक्षर ओढून काढत.

“बा... बाबा, माह्या... माह्याबद्दल या लोकायले तु... तुमी सांगतलं?”

गजेंद्रला सांगायचं होतं की मी हसायला नाही सांगितलं, तुला वाचवायला सांगितलं. त्याने तोंड उघडलं. “त... त...” पुढे काही येईना. कित्येक वर्षांनी त्याची जीभ अडकली, आणि अडकली ती नेमकी पोरीसमोर. मागच्या बाकाने दाद दिली, “वन्स मोअर!”

बापलेक न जेवता परत गेले. गुंजन त्या दिवसापासून घरातही गप्प झाली.

आठवड्याने सपनाने मनाच्या टोचणीपायी गजेंद्रला बदल करण्याची परवानगी पाठवली. तो लगेच आला. मला वाटलं, चार शिव्या लिहील. मी अंग पुढे केलं. त्याने एक अक्षरही लिहिलं नाही. आपली ओळ निवडली आणि काढून टाकली. खालची ओळ वर सरकली.

आता मला कोणी उघडत नाही. मित्रांनो, तुम्हीही उद्या माझ्यासारख्या शीट बनवाल, परवानग्या वाटाल. तेव्हा घाई करू नका. ज्याचं नाव आहे त्यालाच ते लिहू द्या, आणि कुलूप लावण्याआधी एकदा सगळ्या ओळी वाचा. मी हे त्या दिवशी दारातही ओरडून सांगितलं असतं, पण आम्हाला फक्त पाहण्याची परवानगी असते.