अंगण खरंच वाकडं

गच्चीवर तीन पायांचं एक स्टँड, त्यावर मुलीने पहिल्या पगारातून घेतलेली जुनी दुर्बीण, एक स्टॉपवॉच आणि माणसं तीन: शिवणकाम करणारी आई, मुलगी आणि आईचा धाकटा भाऊ. सूर्य नुकताच मावळला होता.

चंद्र स्पष्ट दिसावा म्हणून आईने दुर्बिणीची बारीक चाकी फिरवली, तर चंद्र थरथरायला लागला. तिने चटकन हात मागे घेतला. महिनाभर तिला वाटतच होतं, हात कापतोय. दुकानदाराने मणीकामाची मोठी ऑर्डर देऊ केली होती, आणि ती मनातल्या मनात नाही म्हणून बसली होती.

"ताई, वय झालं," भाऊ म्हणाला.

"मेलं हे स्टँडच डुगडुगतंय."

"असं होय! नाचता येईना, अंगण वाकडं!"

मुलीने स्टॉपवॉच उचललं. आईने चाकी फिरवल्यावर चंद्र स्थिरावायला सहा सेकंद लागले. मग तिने मामाला पुढे केलं. साडेसहा सेकंद.

"मामा, अंगण खरंच वाकडंय."

आई खळखळून हसली. मग पदर खोचून तिने स्टँडला प्रदक्षिणा घातली.

"एवढीशी चाकी चिमटीत पिळायची, मग सगळं हलणारच. माझ्या मशीनचं चाक बघ, बोट लावलं की फिरतं."

तिने बरणीचं प्लॅस्टिकचं झाकण आणलं, मधोमध भोक पाडलं आणि चाकीवर घट्ट बसवलं. पायांखाली जुन्या रबरी चपलेचे तुकडे सरकवले. वाळू भरलेली पिशवी शिवून स्टँडच्या मध्यावर टांगली.

आठ सेकंद.

"वा! बिघडवून दाखवलंस," भाऊ खूश झाला.

"पिशवी झोके घेतेय रे, शहाण्या." तिने तीन पट्ट्या कापल्या, पिशवी तिन्ही पायांना ताणून बांधली आणि गाठी एकेक ओढून पाहिल्या.

"हे कुठे शिकलीस गं?" मुलीने विचारलं.

"तीस वर्षं हलत्या मशीनवर सरळ टीप घातलीय मी. कागदावर तुझं विज्ञान, टेबलावर माझं."

मुलीने स्टॉपवॉच शून्यावर आणलं. आईने तिथूनच दुकानदाराला फोन लावला. "मणी पाठवा उद्या. हो, सगळे."

मग तिने झाकणाला एक बोट लावलं. मुलीने पाच वेळा वेळ मोजली. सरासरी आली एक पूर्णांक दोन दशांश सेकंद.