अहो, तोंड मिटा

बाबा गेल्यापासून आईची झोप उडाली होती. गरम दूध झालं, वाचून दाखवणं झालं. मीच पेंगायची आणि ती पुस्तक मिटून माझ्या अंगावर पांघरूण घालायची. मग आत्या राहायला आली आणि पहिल्याच रात्री आई ढाराढूर झोपली.

आत्या बाबांची धाकटी बहीण. भावासारखीच तोंडाचा आ करून झोपणारी. बाबा घोरायला लागले की आई त्यांना कोपर मारायची, "अहो, तोंड मिटा!" बाबा झोपेतच म्हणायचे, "मिटलेलंच आहे," आणि कूस बदलायचे. मग आईला झोप लागायची. आता तेच कोपर आत्याच्या बरगडीत बसू लागलं.

आई ताजीतवानी, आणि आत्या मात्र सकाळी घसा खरवडत उठायची. "जीभ नाही, पायपुसणं आहे तोंडात," म्हणायची. आत्या तलावावर मुलांना पोहायला शिकवते. "दिवसभर ओरडते, तोंडाने श्वास घ्या, तोंडाने श्वास घ्या. पोरं ऐकत नाहीत, माझंच शरीर ऐकतं."

रात्रीची राहिलेली झोप शेवटी तिने तलावाच्या काठावर, खुर्चीत बसून भरून काढली. शिट्टी दातांत तशीच. श्वास सुटला की पीं! आणि पीं झाली की उडी मारायची, ही तिचीच शिस्त. व्यवस्थापक आले तेव्हा अख्खा वर्ग उड्या मारून मारून काठावर ओल्या टॉवेलसारखा पडला होता आणि आत्या निवांत शिट्टी वाजवत होती.

"पुन्हा झोपलात तर घरीच झोपा," ते म्हणाले.

डॉक्टरांनी तिचं नाक तपासलं. चोंदलेलं नव्हतं, वाकडं नव्हतं. "मग हे काय फक्त चष्मा अडकवायला ठेवलंय?" झोपेत तोंड मिटलेलं राहावं म्हणून त्यांनी ओठांवर लावायला कागदी चिकटपट्टी दिली.

त्या रात्री आत्याने पट्टी लावली आणि हूं की चूं न करता झोपली. सकाळी गाणं गुणगुणत उठली. आईचे डोळे लालभडक.

"वहिनी, मी घोरले का हो?"

"नाही ना, वन्सं!" आई जवळजवळ ओरडलीच.

दोन दिवसांत पट्टीची गुंडाळी नाहीशी झाली आणि पिठाच्या डब्यात सापडली. आई म्हणाली, "उंदीर फार झालेत."

माझ्या फोनमध्ये बाबांचं घोरणं होतं, कधीतरी चिडवायला म्हणून घेतलेलं. ते मी आईला लावून दिलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि फोन परत दिला.

"याला कोपर कुठे मारू?"

त्या रात्री मी दोघींच्या मध्ये आडवी झाले. आत्या पट्टी लावून गप्प. आई छताकडे बघत. मी डोळे मिटले, तोंड उघडलं आणि घोरायला लागले.

बराच वेळ काही झालं नाही. मग कोपर आलं.

"हे काय? मांजर अडकलंय का घशात?"

"घोरतेय."

"असं घोरतात? ते श्वास आत घेताना घोरायचे. तू सोडताना घोरतेस."

मी आत घेताना घोरून पाहिलं. ठसका लागला.

"घाई करू नकोस. आधी हळू सुरू व्हायचे. मग जरा थांबायचे. आपल्याला वाटायचं, झालं एकदाचं. की मग एकदम..." आईचा आवाज जड झाला होता. "बापाचं एक काही धड उचललं नाहीस. आणि शेवटी तर त्यांचा..."

शेवटी त्यांचा काय, ते कळलंच नाही. आईच्या तोंडाचा आ झाला होता, आणि ती अगदी रीतसर, आत घेताना घोरत होती.

पलीकडे पलंग हलत होता. ओठांवर पट्टी असल्यामुळे आत्या नाकाने हसत होती. तिने माझ्यावर रेलून आईला हळूच कोपर मारलं. बोलणं मलाच भाग होतं.

"आई, तोंड मीट."

"मिटलेलंच आहे," आई झोपेतच म्हणाली आणि कूस बदलली.